वॉटर स्कीइंगचे ग्लोव्हज: माप जळगावात घेतलं, ओढ गोव्यात खाल्ली

आधीच सांगून टाकतो, ग्लोव्हज मस्त आहेत, पाचपैकी चार स्टार, अर्धा अंगठ्याच्या शिलाईचा कापला आणि अर्धा किमतीचा. पण स्टार बघून लगेच ऑर्डर टाकू नका भो, या वस्तूत कंपनीपेक्षा माप मोठं आहे, माप हुकलं तर महागातले ग्लोव्हज पण तळहाताची सालटी काढतात आणि नीट बसले तर साधे पण चालून जातात. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, या कंपन्या दरवर्षी मॉडेल बदलतात, तुम्ही शोधायला जाल तोवर त्याच नावाखाली वेगळाच माल असेल. बघायचं काय ते सांगतो.

खान्देशातल्या माणसाला वॉटर स्कीइंगचे ग्लोव्हज कशाला लागतात असं विचारणारे आमच्या घरातच आहेत. तर आमचा एक अमळनेरचा मित्र गोव्यात बोटीच्या धंद्यात आहे, आम्ही तीनचार जण जमेल तेव्हा तिकडे जातो, पावसाळा सोडून, कारण जून ते सप्टेंबर तिकडे वॉटर स्पोर्ट बंदच असतात, आणि सकाळी वारा सुटायच्या आत खाडीच्या सपाट पाण्यावर तो आम्हाला एकेकाला, पायात स्की म्हणजे लांब पट्ट्या घालून, बोटीमागे ओढतो. इकडे गिरणा आहे, वाघूर आहे, हतनूर आहे, पाण्याला तोटा नाही, पण हतनूरच्या फुगवट्यावर तापी-पूर्णेच्या संगमाकडे हिवाळ्यात लांबलांबून पक्षी येऊन उतरतात, तिथं स्पीडबोट पळवायचं कोणी डोक्यात पण आणू नये. आपलं माप घेणं, बघणं, घासाघीस सगळं जळगावात, आणि भिजणं गोव्यात.

आता ग्लोव्हज लागतात कशाला. बऱ्याच जणांना वाटतं थंडीसाठी. थंड देशात निओप्रीनच्या, म्हणजे फोमसारख्या रबराच्या पाठीचे जाड ग्लोव्हज मिळतात ते खरं, पण आपल्याला ते नको, आपल्याला ते ओढीसाठी पाहिजेत. दोरीच्या टोकाला जी दांडी असते ती साधारण फूटभर लांब आणि इंचभर जाडीची, वर रबराचं खरबरीत आवरण, पूर्ण दोरी २३ मीटर म्हणजे ७५ फूट. बोट सुटते तेव्हा तुम्ही पाण्यात उकिडवे बसलेले, गुडघे छातीशी, हात सरळ, आणि अख्खं शरीर पाण्यातून वर खेचलं जातं ते फक्त त्या दांडीला धरलेल्या आठ बोटांवर. नवशिक्याला बोट तीसेक किलोमीटरच्या वेगानं ओढते, स्पर्धेतले पुरुष स्लॅलमला, म्हणजे बोयांना वळसे घालत नागमोडी जायच्या प्रकारात, ५८ पर्यंत जातात. पाण्यात भिजून मऊ पडलेली कातडी आणि खरबरीत रबर, तिसऱ्या-चौथ्या फेरीला बोटांच्या मुळाशी फोड आलाच समजा. १९२२ साली अमेरिकेत मिनेसोटाच्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युअलसन नावाच्या पोरानं पहिल्यांदा हा खेळ जमवला, तेव्हा त्यानं धरायला लोहाराकडून लोखंडी कडी करून घेतली होती म्हणे. त्या कडीचा विचार केला की मी आपोआप हात चोळतो.

आधी जळगावात काय मिळतं ते बघितलं, कारण उगाच बाहेरून मागवायची हौस नाही.

एमआयडीसीत सेफ्टीचं सामान विकणारी दुकानं आहेत, तिथं नायट्राईलचा लेप दिलेले विणलेले हातमोजे शंभराच्या आत मिळतात. केळीचे घड उतरवताना चीक लागू नये म्हणून शेतात आम्ही हेच वापरतो. पकड खरं तर चांगली आहे, ओल्या दांडीवर पण. पण मनगटाला नुसतं इलॅस्टिक, पाठ विणलेली, त्यात पाणी भरतं, मोजा जड होतो आणि ओढ बसली की हात मोज्यातून मागे सरकतो. हात इकडे, मोजा दांडीवर. मित्राच्या बोटीवर एकाचं असं झालं, मोजा दांडीला तसाच चिकटून पुढे निघून गेला आणि हा मागे पाण्यात, सगळे हसून हसून मेले, तो सोडून.

जिमचे अर्ध्या बोटांचे ग्लोव्हज मला सगळ्यात बेकार वाटले. गादी नेमकी बोटांच्या मुळाशी, म्हणजे जिथं दांडी बसते तिथंच, आणि बोटांची पेरं उघडी. लोकांना वाटतं गादी म्हणजे आराम. उलटं आहे. दांडी इंचभर जाड, तिच्यावर गादी आली की तुमच्या मुठीला ती सव्वा-दीड इंचाची वाटते, बोटं पूर्ण मिटत नाहीत, मग ती मिटून ठेवायला सगळा जोर कोपराखालच्या हाताला लावावा लागतो, आणि थोड्या वेळात मनगट ते कोपर हात नुसता दगड होतो. कातडी वाचते पण पकड सुटते. म्हणून स्कीइंगच्या चांगल्या ग्लोव्हजचा तळवा पातळ असतो, इतका पातळ की दुकानात बघणारा म्हणेल याचे कशाला एवढे पैसे.

दुकानात मिळणाऱ्यांत सगळ्यात जवळचे वाटले ते डर्ट बाईकवाल्यांचे मोटोक्रॉस ग्लोव्हज, एकेरी तळव्याचे, गाठींवर प्लास्टिक नसलेले. पूर्ण बोटं, मनगटाला वेल्क्रो, तळव्याला अस्तर नाही. ज्याला वर्षातून एखादवेळा गोव्यात जाऊन हौस करायची आहे त्यानं हेच घ्यावेत, बाकी काही वाचायची गरज नाही. फक्त शहरात बुलेट चालवायचे जाड ग्लोव्हज घेऊ नका, ते पाणी पितात.

ऑनलाइनचा किस्सा वेगळाच. एका मोठ्या साईटवर वॉटर स्की ग्लोव्हज म्हणून लिहिलेलं, फोटोत पाणी, बोट, सगळं, ऑर्डर टाकली आणि घरी आले ते बर्फातले! आत लोकर, बाहेर रेक्झिन, मनाली-रोहतांगचे. एप्रिल महिना, जळगाव, आणि हातात हे. आई म्हणे ठेव, फ्रीजर साफ करायला होतील. परत करायला कुरियरवाला येतो येतो म्हणत आठवडा गेला, सेलर म्हणतो स्की म्हणजे स्कीच ना, पैसे परत मिळाले पण डोकं खाल्लं. तेव्हा साईटवर शोधताना तळव्याचा फोटो असेल तरच पुढे जा, नुसता पाठीचा फोटो असेल तर सोडून द्या.

शेवटी मेहुणा दुबईहून येणार होता त्याला सांगितलं. बाहेर साध्या जोडीपासून भारीतल्यापर्यंत ३० ते ८० डॉलरच्या आसपास भाव असतात, मला मधली जोडी सगळं मिळून पाच हजाराच्या आतबाहेर पडली. आता ही जोडी कशी आहे ते सांगतो.

तळवा अमाराचा आहे. अमारा म्हणजे सिंथेटिक स्वेड, दिसायला चामड्यासारखं, पण भिजून वाळलं तरी कडक होत नाही. बकऱ्याच्या कातड्याचे पण येतात, त्यांची पकड आणि दांडीचा हाताला लागणारा अंदाज जास्त भारी, हे मी मित्राचे घालून बघितलेत, पण ते वापरता वापरता सैल पडतात आणि खाऱ्या पाण्यानंतर नीट धुतले नाहीत तर आखडतात. वर्षातून मोजकेच दिवस पाण्यात उतरणाऱ्यानं अमाराच घ्यावा. बोटांच्या मुळाशी आणि अंगठ्याच्या बेचक्यात केव्हलार नावाच्या चिवट धाग्याचं ठिगळ आहे, कारण घासतं तिथंच. पाठ लायक्रा आणि जाळीची, हवा लागते, पाणी लगेच निथळतं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, बोटांच्या शिलाया बाहेरून आहेत. पहिल्यांदा बघून बायको म्हणाली अहो हे उलटे घातलेत का. उलटे नाहीत, मुद्दाम तसे शिवतात, शिलाईची कड आत असली की मुठीत तीच टोचते आणि तिथंच फोड धरतो. बोटं पण सरळ नाहीत, आधीच थोडी वाकवून शिवलेली, त्यामुळे टेबलावर ठेवले तर काहीतरी पकडायला निघाल्यासारखे दिसतात. मूठ मिटली की आतल्या बाजूला जास्तीचं कापड गोळा होत नाही, हा त्याचा फायदा.

आता मापाचं. हे नीट वाचा.

शिंप्याचा टेप घ्या, ज्या हातानं लिहिता तो हात सपाट उघडा, अंगठा सोडून बोटांच्या गाठींवरून घेर मोजा. माझा साडेआठ इंच भरला. मेहुण्याला टेप दिसेल असा हाताचा फोटोच पाठवला, नुसतं आकडा सांगितला असता तर त्यानं स्वतःच्या हाताच्या अंदाजानं एक्सएल उचलले असते. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा, एकीचा एल दुसरीचा एम, तेव्हा शर्टाच्या सवयीनं जाऊ नका. दोन मापांच्या मधे अडकलात तर लहान घ्या, कारण भिजलं की सगळंच थोडं सैल पडतं, चामडं जास्त, अमारा कमी. कोरडे घालताना थोडी झटापट झालीच पाहिजे. आरामात हात गेला म्हणजे मोठे आहेत. पण बोटाची टोकं आतून दाबली जात असतील, बोट सरळ करताना नखाला ताण बसत असेल, तर लहान झाले, ते ताणून पुढे बरे होतील ही आशा सोडा.

आणि उघड्या हातावर माप बघूच नका! दुकानात आपण काय करतो, ग्लोव्हज घातला, हात पसरला, आरशात बघितला, छान बसला. अरे पण पाण्यावर हात पसरून कोण उभं राहतं, तिथं मूठ मिटलेली असते. म्हणून दांडी पकडून बघायची. दांडी कुठून आणायची? पाईपांच्या गावात राहतो आपण! २५ एमएमचा पीव्हीसी पाईप जवळपास त्याच जाडीचा असतो, शेतात ठिबकच्या सामानात तुकडे पडलेलेच असतात, हातभर कापला, आतून नायलॉनची दोरी ओवली आणि चोपड्याच्या शेतात बांधावरच्या निंबाला कमरेच्या उंचीवर बांधली. ग्लोव्हज घातले, टाचा रोवल्या, हात सरळ ठेवून मागे रेललो, अख्खं वजन सोडून दिलं. शेजारच्या वावरातले जिभाऊ सायकल थांबवून बघत होते, म्हणे, "काय रे भाऊ, निंब उपटी राह्यना का तू?" मी म्हटलं जिभाऊ, माप बघी राह्यनू. ते काही बोलले नाहीत, बिडी पेटवली आणि थांबले शेवटपर्यंत.

तर असं अर्धा मिनिट लटकायचं, मग ग्लोव्हज काढून तळहात बघायचा. सगळीकडे सारखा लालसर असेल तर बसलेत. कुठं एकच ठळक लाल रेघ उमटली असेल, बहुतेक वेळा बोटांच्या मुळाशी आडवी, तर तिथं कापडाची चुणी पडते, आणि ती चुणी पाण्यावर दहा मिनिटांत फोड करणार, त्यात शंका नाही. मेहुण्यानं दोन मापं आणली होती, एक परत न्यायच्या बोलीवर, मोठ्या मापाला ती रेघ स्पष्ट उमटली, लहान मापाला नाही. घालून नुसतं बघितलं तर दोन्ही सारखीच वाटत होती, मोठी तर जास्त आरामाची. हीच परीक्षा मग ग्लोव्हज बादलीत बुडवून परत करायची, कारण कोरडं माप आणि ओलं माप वेगळं. आणि दोन्ही पकडी करून बघायच्या, नवशिक्याची दोन्ही तळवे खाली आणि एकाच स्कीवर जाणाऱ्यांची एक तळवा वर एक खाली, कारण तळवा वर असलेल्या हाताला कापड वेगळ्याच ठिकाणी गोळा होतं, करंगळीच्या बाजूला.

भाचीला पण घ्यायचे होते, चौदा वर्षांची पोर, हात नाजूक. मोठ्यांचे एक्सएस घातले तर घेर बसला पण प्रत्येक बोटापुढे अर्धा इंच रिकामं टोक. ते टोक दांडीखाली दुमडतं आणि मूठ पूर्ण मिटू देत नाही. तिला लहान मुलांच्या मापातले घेतले ते बरोबर बसले. बायकांसाठी वेगळे येतात, बोटं बारीक कापाची असतात, नुसता रंग गुलाबी केलेला नसतो. म्हणजे गुलाबी पण असतोच.

पाण्यावर कसे वागले. घालायच्या आधी पाण्यात बुडवायचे, मग मनगटाच्या कडेला धरून ओढायचे, बोटांच्या टोकांना धरून नाही, नाहीतर शिलाई जाते. वेल्क्रो सगळ्यात शेवटी, मूठ मिटून मग आवळायचा, उघड्या हातावर आवळला तर मूठ करताना तळवा ताणला जातो. दुसऱ्या हाताचा पट्टा ओल्या ग्लोव्हजनं लावताना पकडायला काही मिळत नाही, मी सरळ दातानं ओढतो. भारीतल्या मॉडेलना पट्ट्याऐवजी बोआची चकती असते, फिरवली की बारीक वायर आवळते, ते काम सोपं आहे, पण पैसे पण तसेच.

पाण्यातून उठताना पहिला झटका बसतो तेव्हा हात आत अजिबात सरकला नाही, हे मला सगळ्यात जास्त जाणवलं. दांडीचा खरबरीतपणा हाताला कळतो पण लागत नाही. सकाळच्या तीनचार फेऱ्या झाल्यावर दुपारी भाकरी मोडताना हात दुखला नाही, आधी उघड्या हातानं स्की करून आल्यावर ठेचा खायची पंचाईत व्हायची, फोडाला तिखट लागलं की ब्रह्मांड आठवायचं. तक्रार एकच. उजव्या अंगठ्याच्या बेचक्यातला दोरा सुटायला लागलाय, ठिगळ शाबूत आहे पण त्याच्या कडेची शिलाई उसवतेय. स्टेशनजवळच्या चांभारदादांनी मेणाच्या दोऱ्यानं चार टाके घातले, वीस रुपये घेतले, आणि ते टाके कंपनीच्यापेक्षा घट्ट आहेत.

एक गोष्ट ग्लोव्हजच्या आधीची. सोन्याचं गाव आपलं, दोनतीन अंगठ्या तर घरी बसायला पण लागतात, पुष्कराज वेगळा. त्या सगळ्या काढून ठेवा, ग्लोव्हजच्या आत पण नको. दांडी झटक्यात सुटताना अंगठी अडकली तर बोटाची कातडी अंगठीबरोबर सोलून निघते, हे घाबरवायला सांगत नाही, असं खरोखर होतं. आणि पकड चांगली झाली म्हणून दोरी हाताला गुंडाळायची नाही, दांडी आणि दोरीच्या त्रिकोणात हात घालायचा नाही, तोल गेला की सोडून द्यायचं. काही ग्लोव्हजना बोटांच्या मुळाशी आत बारीक दांडकं शिवलेलं असतं, ते हँडलवर अडकतं आणि बोटांचा जोर वाचतो. मुरलेले लोक वापरतात, वापरू द्या त्यांना. ज्याला पडताना हात आपोआप उघडायची सवय लागलेली नाही त्यानं ते घेऊच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

धुण्याचं थोडक्यात. खाडीतून आलं की गोड्या पाण्यात बुडवून आतलं मीठ आणि वाळू काढायची, वेल्क्रो बंद करून, नाहीतर तो पाठीची जाळी ओरबाडतो. मग सावलीत, वाऱ्यावर, आतली बाजू उघडी ठेवून. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात गच्चीवर टाकले तर संध्याकाळपर्यंत पापड मिळेल, रंग पण उडतो. ओले तसेच बॅगेत कोंबून रेल्वेनं आणले तर घरचे बॅग दाराबाहेर उघडायला लावतात, वासामुळे.

थोडक्यात कोणी काय घ्यावं, तर एकदाच जाणाऱ्यानं मोटोक्रॉसचे, नियमित जाणाऱ्यानं अमाराचे बाहेरच्या शिलाईचे, आणि चामड्याचे फक्त त्यानं ज्याला वस्तू धुऊन जपून ठेवायची सवय आहे. जाड गादीचे कोणीच नाही, दुकानदार कितीही गळ घालू दे. माझी जोडी अजून एक सीझन आरामात काढेल, डाव्या हाताचा तळवा तर जवळजवळ नवा आहे, उजव्याचाच घासलाय. सुट्टा एक ग्लोव्हज विकत मिळाला असता तर तो अर्धा किमतीचा स्टार पण देऊन टाकला असता.